रीता दोन

वावुर गावच्या गोठवणघरात यंत्रांना नावं हेयिनने दिली,
एका मंद दुपारी, पेन्सिलीने, पावतीच्या पाठीवर.
कड्यावरचे पक्षी घेतले त्याने एकेक:
तराजूला लुंदी,
बर्फखोलीच्या तापमापकाला चाल्डुर,
कार्यालयातल्या प्रिंटरला रीता.
(माझ्या कानाला रिती ऐकू येते. दोष कानाचा.)

पत्ते मात्र कुठे लिहिले नाहीत.
गरजच नव्हती.
गोदीवर सुन्वा टॅबलेट उघडते,
तो सगळ्यांना मिळून एकच हाक घालतो:
छापणारं कुणी आहे का?
लुंदी ऐकते, गप्प बसते.
चाल्डुर ऐकतो, गप्प बसतो.
रीता म्हणते, मी आहे,
अमुक पत्ता, अमुक दार, कागद दोन्ही बाजूंनी छापते.
एवढंच.
मध्ये नोंदवही नाही, कारकून नाही,
ज्याला आधी साहेब म्हणावं लागतं
असा कुणीही नाही.

मंगळवारी बोटीतून नवा प्रिंटर आला,
आणि त्याच्यामागे मार्यून, पाठीवर पिशवी, केस ओले.
लेबलांच्या साच्याला एकच नाव ठाऊक,
म्हणून तिने नव्यालाही तेच टाइप केलं.
पण नाव घेण्याआधी विचारायची रीत आहे,
पाव पाव सेकंदाने, तीनदा:
रीता कुणी आहे?
रीता कुणी आहे?
रीता कुणी
आहे ना, म्हणाली जुनी,
धुळीने भरलेली, डावा कोपरा फुटलेली.
नव्याने वाद घातला नाही.
शेपटीला दोन लावून घेतलं.

आता जुनीला नीट बंद केलं असतं
तर तिने जाताना सांगितलं असतं:
तेच नाव, तोच पत्ता,
आणि आयुष्याच्या रकान्यात शून्य.
ऐकणाऱ्यांनी यादीतून तिला काढलं असतं.
माझ्या घरी कुणी जातो म्हणत नाही.
येतो म्हणतात, चपला शोधत,
परत यायचं नसलं तरी.
यंत्राला ही सोय नाही.

त्रोन्दुरला घाई होती, भंगाराची गाडी साडेतीनच्या बोटीवर चढायची होती.
त्याने वायर उपटली.

पुढची पंचाहत्तर मिनिटं
टॅबलेटच्या यादीत रीता होतीच.
सुन्वाने तिच्याकडे चौदा पेट्यांची लेबलं धाडली,
ती रांगेत उभी राहिली, माशांसारखी थंड.
साठाव्या मिनिटाला टॅबलेटने विचारलं, आहेस का?
चौसष्टाव्याला जवळजवळ पुन्हा.
मग आणखी दोनदा.
मग नाव गेलं.
ओळ वर सरकली, आवाज झाला नाही.

हेयिनही असाच गेला होता, मार्चमध्ये, पहाटेच्या बोटीने.
किल्ल्यांचा जुडगा तराजूवर ठेवून.
लुंदी सकाळपर्यंत एकशे चाळीस ग्रॅम दाखवत राहिली,
कोण विचारतंय याची फिकीर न करता.
सुन्वा कॉफीचे पाच पेले मांडायची, चौघांसाठी.
किती दिवस, ते मोजलं नाही कुणी.
तिला कुणी विचारलंही नाही
साठाव्या मिनिटाला.

मार्यूनने नावाच्या चौकटीत बोट ठेवलं होतं.
एक अक्षर पुसायचं, बस.
आता विचारलं असतं तर कुणी आहे म्हणालं नसतं.
तिने खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं,
बोटीचा मागचा दरवाजा उघडत होता.
तिने साच्यातलं नाव बदललं,
प्रिंटरचं राहू दिलं.

हेयिनच्या खुर्चीवर आता हानुस बसतो, क्लाक्स्विकचा,
खुर्ची त्याला अजून उंच होते.
पहिल्याच दिवशी त्याने विचारलं,
ही रीता दोन,
मग एक कुठे आहे?

सुन्वा पेट्या मोजत होती.
एकतीस, म्हणाली ती, बत्तीस,
दोनवरच पाठव.

भिंतीपलीकडे रोलर फिरला.
लेबल बाहेर आलं,
गरम, किंचित वाकडं,
त्यावर कॉड, तारीख, वजन.